कोणाच्याच नावावर नसलेले चेंडू

बाबा घरी बसू लागले त्या उन्हाळ्यात जयपूरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमधला आवाज गेला. तसे आवाज पुष्कळ होते. यार्डात दिवसभर शंटिंग चाले, डबे एकमेकांवर आदळले की फळीवरच्या स्टीलच्या वाट्या किणकिणत. मागच्या कडुलिंबावर मोर ओरडत, आणि कूलरमधलं पाणी संपत आलं की तो म्हाताऱ्या माणसासारखा खाकरायचा. पण बाबांचा आवाज गेला तो गेलाच. बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. आता लोको पायलट म्हणतात, तेव्हा ड्रायव्हरच म्हणत. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकाने तो मोठ्याने सांगायचा आणि दुसऱ्याने हात वर करून तोच पुन्हा म्हणायचा, असा नियम आहे. "हिरवा!" "हिरवा!" एकाची नजर चुकली तर दुसऱ्याची चुकू नये म्हणून. सगळी उमर तेच केल्यामुळे बाबांना घरातही ती खोड लागली होती. आई म्हणायची, "दूध उतू चाललं," की आतून बाबा हात वर करून म्हणायचे, "दूध उतू चाललं," आणि मगच उठायचे. तोवर दूध शेगडीवर सांडलेलं असायचं. माझी मैत्रीण सुमन झोटवाड्याहून यायची, ती म्हणायची, "सुजाता, तेरे घर में ईको आता है।"

ती खोड अचानक थांबली. झालं असं की, एका संध्याकाळी बाबा गाडी घेऊन येत होते. ऊन उतरत होतं, हवा स्वच्छ होती. असिस्टंट म्हणाला, "हिरवा." बाबांना सिग्नल दिसलाच नाही. असिस्टंटने पुन्हा सांगितलं, बोट दाखवलं. बाबांना खांब दिसत होता, त्याच्यावर रंग दिसत नव्हता. दोघांचं जुळलं नाही तर सिग्नल लाल समजायचा, हाही नियमच. बाबांनी गाडी उभी केली. सिग्नल हिरवाच होता. मोकळ्या रुळावर, हिरव्या सिग्नलसमोर, भरलेली गाडी उभी राहिली आणि मागच्या गाड्या खोळंबल्या. विचारणा झाली तेव्हा बाबांनी इंजिनात बिघाड होता वगैरे काही सांगितलं नाही. "मला दिसला नाही," एवढंच म्हणाले. मग डोळ्यांची तपासणी झाली, काचबिंदू निघाला आणि बाबांना गाडीवरून उतरवलं. पर्यायी काम मिळालं ते फुलेराच्याही पलीकडच्या एका लहानशा स्टेशनावर, मालगोदामात. आमचं क्वार्टर सोडायचं होतं. त्या स्टेशनाजवळ कॉलेज नव्हतं, शाळासुद्धा आठवीपर्यंत होती.

आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानाने लिहीत नाही, तेव्हा तर त्याची भीतीच वाटायची. माझं शिक्षण हिंदीतून झालेलं, घरात अकोल्याकडची मराठी, आणि बी.एससी.ची पुस्तकं इंग्रजी. आदल्या वर्षी मी संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलला नापास झाले होते. या वर्षी पुन्हा झाले तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नव्हता. आणि हॉस्टेलमध्ये जागा मिळायची ती फक्त तिसऱ्या वर्षातल्या मुलींना. म्हणजे पास झाले तर जयपूरला हॉस्टेलमध्ये राहून पदवी घेता येणार होती. नापास झाले तर अकोल्याला मामाकडे. मामाचं मॅचिंग सेंटर होतं, साड्यांना ब्लाउजपीस जुळवून देण्याचं. त्याने कळवलं होतं, "पोरीला पाठवून द्या. काउंटरवर बसेल. रंग बरे कळतात तिला." मामा वाईट माणूस नव्हता. पण रंगाचं त्याचं ते वाक्य आईने वाचून दाखवलं तेव्हा बाबा उठून अंगणात गेले होते.

प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकीला एक तक्ता मिळायचा. त्यावरून सरासरी, विचलन, सहसंबंध असं सगळं काढून फाइल तयार करायची आणि तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांपुढे ठेवायची. आमच्या मॅडमकडे कुठल्याशा जुन्या पुस्तकांतून झेरॉक्स केलेल्या तक्त्यांचा गठ्ठा होता. रोल नंबरप्रमाणे त्यांनी ते वाटले. कोणाला पाऊस मिळाला, कोणाला गव्हाचं उत्पादन, सुमनला शाळेतल्या मुलांची उंची आणि वजन. माझ्या हाती आला तो परदेशातल्या बास्केटबॉलच्या कुठल्यातरी फार जुन्या सामन्याचा. धंदेवाईक संघ, पैसे घेऊन खेळणारे. दोन संघ, एकाखाली एक खेळाडूंची नावं, आणि पुढे रांगेने आकडे. रांगांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरं, तीही झेरॉक्समध्ये अर्धी पुसलेली. शेवटी संघाची एकूण बेरीज. मी तो कागद उलटासुलटा करून पाहिला. मॅडम म्हणाल्या, "एक बात सब लोग ध्यान रखें. टोटल टैली होना चाहिए. जिसका टैली नहीं, उसकी फाइल वापस." आणि त्या पाऊसवालीकडे वळल्या.

नशीब म्हणजे सुमन कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळायची. ती चांगली उंच, तिच्या वडिलांचं झोटवाड्याला खराद म्हणजे लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप होतं, आणि तिला कशाचीच भीती वाटत नसे. ती दुपारची आमच्याकडे आली, कारण आईच्या हातचा झुणका तिला आवडायचा. जयपूरला बाजरी भरपूर, ज्वारी मनासारखी मिळत नसे, म्हणून आई अकोल्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पीठ मागवायची आणि ते जपून वापरायची. सुमन आली की मात्र डबा उघडायचा. सुमन ज्वारीची भाकरी हातात धरून, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलेलं असताना, मला एकेक रांग समजावत होती. हे चेंडू किती वेळा टाकला, हे किती वेळा जाळीत पडला, हे फाउल.

"और ये?"

"ये रिबाउंड. शॉट चूका, बॉल रिंग से टकरा के वापस आई, जिसने लपक ली उसके नाम."

"और किसी ने नहीं लपकी तो?"

"अरे कोई तो लपकेगा ना, पागल. बॉल हवा में थोड़ी टँगी रहेगी." मग आईकडे वळून, "आंटी, मिर्ची में क्या डालते हो आप? जान ले लेते हो."

"मिरचीच टाकते, दुसरं काय," आई म्हणाली. तिला हिंदी सगळं कळायचं, पण सुमनशी ती मराठीतच बोलायची आणि सुमनला ते कसं कोण जाणे समजायचं.

सुमन गेल्यावर मी बेरजा करायला बसले. सगळ्या रांगा जुळल्या. रिबाउंडची जुळली नाही. दोन्ही संघांची नाही. खेळाडूंचे आकडे मिळवले की बेरीज कमी येई, आणि खाली छापलेला संघाचा आकडा जास्त. पुन्हा केली. पुन्हा तेच. वाटलं, झेरॉक्समध्ये एखादा आकडा फिकट आला असेल, आठाचा तीन झाला असेल, म्हणून कागद खिडकीच्या काचेवर उन्हात धरून पाहिला. आकडे स्वच्छ होते. संख्याशास्त्र मला येत नाही, हे मी आधीच्या वर्षापासून मनाशी धरून होते. आता साधी बेरीजसुद्धा येत नाही असं वाटायला लागलं. मी फरशीवर बसून रडले, आवाज न करता, कारण घर लहान होतं.

बाबा भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली खुर्चीत बसलेले असायचे, बहुतेक दिवसभर. ते म्हणाले, "वाच बरं मोठ्यानं."

"काय?"

"आकडे. तू वाच, मी म्हणतो."

मी एकेक आकडा वाचू लागले. "सात." बाबा म्हणाले, "सात." "चार." "चार." हात वर होत नव्हता, मांडीवरच होता, पण आवाज इंजिनातलाच होता. किती तरी आठवड्यांनी मी तो ऐकत होते. एक खेळाडू होता, शेवटच्या ओळीत, थोडाच वेळ मैदानावर उतरलेला. त्याच्यापुढे सगळी शून्यं. "शून्य." "शून्य." "शून्य." "शून्य." आई तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली. "बाप्पा, मग त्याला नेलं कशाला होतं एवढ्या दूर?" मला हसू आलं, आणि बाबाही हसल्यासारखे झाले. पण बेरीज त्याही वेळेला जुळली नाही. बाबांनी मनातल्या मनात केली, त्यांचीही माझ्याएवढीच आली. "तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "कागदाचं माहीत नाही."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आज नीट आठवत नाही. आठवतात ते खोके. आई एकेक वस्तू जुन्या चादरींत गुंडाळून खोक्यांत आणि पत्र्याच्या पेट्यांत भरत होती, आणि प्रत्येक वेळी मला विचारायची, "हे तुझ्या हॉस्टेलला लागेल का, का आमच्याबरोबर?" मी "माहीत नाही" म्हणायचे. माझ्या कपड्यांची पेटी अर्धी भरून दाराशी उघडीच ठेवलेली होती, ती कुठे जाणार हे ठरत नव्हतं म्हणून. येता-जाता तिला पाय लागायचा. मी मॅडमकडेही गेले. शहरातल्या सी-स्कीम भागात त्यांचं घर होतं, फाटकाशी उभी राहून मी सांगितलं की जुळत नाही. त्या घाईत होत्या. "टाइपिंग की ग़लती होगी. ठीक कर लो ना," त्या सहज म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने ती सहज गोष्टच होती. मी बसने परत आले. वाटेत मला एकच प्रश्न पडला होता, ठीक करायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

त्याचं उत्तर आईने दिलं. फाइल द्यायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "उरलेले त्या बिचाऱ्याला देऊन टाक."

"कोणाला?"

"तो शून्यवाला. सगळी शून्यं आहेत त्याची. त्याच्या नावावर टाक, तेवढंच त्याचंही बरं होईल." ती हे थट्टेने म्हणत नव्हती. तिला खरंच त्याचं वाईट वाटत होतं. शिवाय ज्याच्याकडे काही नाही त्याला द्यावं, हा तिचा सगळ्या गोष्टींतला हिशेब होता. दुसऱ्या संघातही असाच एक कमनशिबी होता, त्याचीही सोय झाली. मी पेन्सिलीने आकडे घातले. बेरीज जुळली. एवढी सुंदर जुळली की मी त्या रात्री पोटभर जेवले आणि झोपले.

सकाळी आकडे शाईने काढायच्या आधी बाबा म्हणाले, "एकदा वाच. शेवटचं." मी वाचत गेले, ते म्हणत गेले. शेवटच्या ओळीवर आले. मी आकडा वाचला. बाबा काही म्हणाले नाहीत.

"बाबा?"

"तेव्हा शून्य होतं."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ तसंच. "मी सांगितलं तिला."

"जुळत नव्हतं ना?"

"नव्हतं. आता जुळतं. तिला पास व्हायचं आहे, अजून काय पाहिजे?"

"जुळत नसलं तर—"

"तर काय? उभी करायची?" आईचा आवाज चढला. आईला मी बाबांशी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. "तुम्ही केली ना उभी? काय भेटलं? तो पोरगा हिरवा म्हणत होता, तुम्हीही म्हणायचं होतं हिरवा! हिरवाच तर होता! आज आपण इथं राहिलो असतो, पोरगी इथं शिकली असती. हे खोके भरावे लागले नसते मला."

कूलर खाकरला. बाबा तिच्याकडे पाहत होते, पण आता मला कळतं की त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नसावा. काही भाग दिसायचा, काही पुसला जायचा, असं ते पुढे सांगत.

"हो," ते म्हणाले. "हिरवाच होता." आणि मग, "मला दिसला नव्हता ना पण."

आई आत गेली. पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला, आणि मग नाक ओढल्याचा. मी बाबांना विचारलं, काय करू. मला वाटलं होतं ते सांगतील. सांगितलं असतं तर मी ते केलं असतं आणि पुढे जे होईल ते त्यांच्यावर ढकलायला मोकळी राहिले असते. बाबा म्हणाले, "गाडी तुझी आहे. तू पाहा."

मी खोडरबराने दोन्ही आकडे पुसले आणि शून्यं परत लिहिली. त्यात काही शौर्य नव्हतं, पुसताना कागद जरा फाटलाही. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी एवढंच वाटलं की, त्या माणसाने जे धरलं नाही ते त्याने धरलं असं मी दूर जयपुरात बसून कसं लिहू? खाली हिंदीत एक ओळ लिहिली: खेळाडूंची बेरीज संघाच्या बेरजेशी जुळत नाही, फरकाचं कारण मला माहीत नाही. आईने दह्यात साखर घालून वाटी पुढे केली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण वाटी हातात दिली.

बाहेरून आलेले सर वयस्क होते, मानेभोवती रुमाल, उन्हाने हैराण. मॅडम शेजारी बसल्या होत्या. सरांनी पानं उलटली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"टोटल मिला नहीं?"

"नहीं सर."

"बाकी सबका मिल गया."

"जी."

"तो आपका क्यों नहीं मिला?"

त्यांनी पेन्सिल घेतली आणि स्वतः बेरीज केली. ओठ हलत होते. पुन्हा केली. मॅडम म्हणाल्या, "सर, प्रिंट की ग़लती है. मैंने बोला था ठीक कर लेना." सरांनी चष्मा काढला. "बेटा, कर लेतीं ठीक. क्या जाता था?"

"सर," मी म्हणाले, "किसके नाम पे करती?"

ते रागावले होते की नव्हते, मला आजही सांगता येणार नाही. "जाइए," म्हणाले. एकही प्रश्न आणखी विचारला नाही. सुमनला अर्धा तास ठेवून घेतलं होतं. बाहेर सुमन पायरीवर बसली होती, मला पाहून उठली. "क्या पूछा?" "कुछ नहीं." "कुछ नहीं मतलब?" मी चालायला लागले. स्टेशनपर्यंत ती माझ्याबरोबर आली, तिचा दंगा तिने त्या दिवशी केला नाही, आणि मला त्यावरून कळलं की आपलं संपलं.

घरी बाबा पेटीवर बसले होते, कारण खुर्च्या बांधून झाल्या होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"उभी केली," मी म्हणाले.

आमच्या घरात कोणी काही म्हटलं की बाबा ते परत म्हणायचे. त्या दुपारी ते काही म्हणाले नाहीत. दाराशी माझी पेटी उघडीच होती. आईने ताटात भाकरी वाढली, माझ्या शेजारी बसली, आणि मी जेवत नाही असं पाहून पहिला घास तिने मोडून दिला.

मी पास झाले, अगदी काठावर. का झाले, ते गुण सरांनी दिले की बाकीच्या पेपरांनी ओढून नेलं, ते कधी कळलं नाही. हे निकाल लागल्यावरचं. तोवर आई-बाबा त्या लहान स्टेशनावर गेले होते, आणि मामाला मी येते असं कळवूनही झालं होतं. सुमनने कॉलेजच्या फळ्यावर माझा नंबर पाहिला आणि तिच्या वडिलांच्या स्कूटरवर आमच्या रिकाम्या झालेल्या घरी आली, तेव्हा तिथे मी एकटीच शेवटची पेटी ओढत होते. आम्ही दोघींनी ती पेटी हॉस्टेलला नेली.

आता बाबा माझ्याकडेच असतात, जयपुरातच, राजा पार्कच्या मागच्या गल्लीत. त्यांना आता काहीच दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात माझा मुलगा फोनवर कुठला तरी सामना पाहत होता आणि मी सहज त्याला विचारलं, रिबाउंडची बेरीज कधी चुकते का रे. त्याने क्षणात शोधून काढलं. कधी कधी चुकलेला चेंडू कोणाच्याच हाती लागत नाही, सरळ रेषेबाहेर जातो. पण तो कोणत्या तरी एका संघाला मिळतोच. असे चेंडू कुठल्याही खेळाडूच्या नावावर लिहीत नाहीत, फक्त संघाच्या बेरजेत धरतात. म्हणून खालचा आकडा जास्त येतो. यायलाच हवा.

मी मग बाबांच्या खोलीत गेले. ते उन्हात पाय पसरून बसले होते. मी सगळं सावकाश सांगितलं. कागद बरोबर होता, छापणाऱ्याची चूक नव्हती, झेरॉक्सचीही नव्हती. आमची बेरीजही बरोबर होती. कशातच चूक नव्हती. मला वाटलं त्यांना तो सामना आठवणारही नाही. त्यांना तो शून्यवालासुद्धा आठवत होता.

"म्हणजे तुझाही हिरवाच होता," ते म्हणाले.

"हिरवाच होता, बाबा."

बाबांनी उजवा हात वर केला. "हिरवाच होता."